सायकलवाल्यांना वाट द्या, पण वाट बदलू नका



हल्ली पहाटे जेटीवर जाताना आपल्याला वाटेत सायकलवाले भेटतात. शिवोली-चोपडे पूल ओलांडून येतात, आगरवाड्याच्या मिठागरांपाशी थांबतात, मग मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल करत केरीला पोचतात. तिथून फेरीबोटीने तेरेखोल गाठतात आणि रेडी, शिरोडा, आरोंदा फिरून किरणपाणीच्या पुलावरून परत गोव्यात. शापोरा आणि तेरेखोल या दोन नद्यांच्या मुखांमधला हा पट्टा त्यांना फार आवडतो. का आवडतो, तर रस्ता शांत आहे, सावली आहे, आणि वळणावळणाला पाणी दिसते.

या मंडळींवरून आपल्या बैठकीत दोन गट पडले. एक गट म्हणतो, हे लोक ऐन पावणीच्या वेळी जेटीवर येऊन फोटो काढत बसतात, यांना आधी हटवा. दुसरा गट म्हणतो, अरे बाबांनो, हीच तर संधी आहे. बांधावरचा रस्ता रुंद करून घ्या, पेव्हर घाला, रेलिंग लावा, दिवे लावा, गाडे उभे करा, पंचायतीकडे सायकल ट्रॅकचीच मागणी करा. आम्हाला ही दोन्ही मते पटत नाहीत, म्हणून हे लिहितो आहोत.

आधी दुसऱ्या मताबद्दल, कारण त्यात धोका जास्त आहे.

हा रस्ता शांत राहिला तो कोणी ठरवून नाही, नदीमुळे राहिला. घाईची वाहतूक कोलवाळ, पेडणे, पत्रादेवीच्या महामार्गाने जाते. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला, त्याची घाईही तिकडेच जाते. आपला काठचा रस्ता खाडीच्या कडेने वळत जातो, मध्येच अरुंद होतो आणि केरीला धक्क्यावर जाऊन संपतो. ज्या रस्त्याच्या शेवटी फेरीबोट असते, त्या रस्त्याने घाईतला माणूस जात नाही. मांडवीतल्या दिवाडी बेटावरही सायकलवाले याच कारणासाठी जातात. तिथेही फेरीतून उतरल्यावरच शांतता सुरू होते. आपण रस्ता रुंद आणि सरळ केला, तर आधी कोण येईल? सायकलवाला नव्हे. टुरिस्टांच्या भाड्याच्या गाड्या येतील, त्यांच्यामागून रेतीचे ट्रक येतील. मग सायकलवालाच म्हणेल, इथे आता मजा नाही, आणि दुसरीकडे जाईल. रुंद रस्ता मात्र आपल्या दारात कायमचा राहील.

आता बांधाचे पाहू. खाजनाचा बांध म्हणजे साधी सडक नव्हे, हे तरुण पोरांना पुन्हा सांगायची वेळ आली आहे. आत चिखलमाती, बाहेरून जांभ्या दगडाची बांधणी आणि नदीच्या बाजूला खारफुटी, असा तो उभा असतो. खारफुटी लाटांचा मार अंगावर घेते. भरतीचे पाणी वाढले की मानशीची दारे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, सुकती लागली की आतल्या पाण्याने उघडतात. त्याच वेळी मानशीच्या तोंडाला जाळे लावून सुंगटे आणि मासळी धरली जाते. म्हणूनच मानशीची पावणी होते आणि कूळ संघटनेकडे बांध राखायला चार पैसे येतात. शेत, मासळी आणि बांध या तिघांचा हिशोब एकच आहे.

अशा बांधावर जड गाडी फिरली की माती दबते, दगड सरकतात. कुर्ल्यांनी पाडलेल्या भोकांतून पाणी झिरपायला लागते. पुढच्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला तिथेच भगदाड पडते आणि खारे पाणी शेतात शिरते. एकदा शिरले की भातशेती त्या वर्षापुरती तरी गेली. सायकलने बांधाला काही होत नाही. पण सायकलच्या नावाने रस्ता रुंद करायला येणारा रोलर आणि टिपर बांध खचवतात. रुंदीसाठी जागा कुठून काढणार? एका बाजूला शेत आहे, दुसऱ्या बाजूला खारफुटी. दोन्ही आपली.

कायद्याचेही लक्षात ठेवा. 2011 च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमे आहेत. खाजन जमिनीत विकासकामांना परवानगी नाही आणि खाजनाकडेच्या खारफुटीचे रक्षण करावे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. त्याच अधिसूचनेत मच्छीमार गावांत होड्या दुरुस्त करायला आणि जाळी विणायला जागा लागते, हेही मान्य केले आहे. ही कलमे आपल्या बाजूची आहेत. आज आपणच सायकल ट्रॅकसाठी ती वाकवायला सांगितली, तर उद्या हॉटेलवाला तसेच सांगेल तेव्हा आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

दिव्यांचेही तसेच. मोरजी आणि मांद्रेच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालतात. काठावर झगमगाट केला तर ती समुद्राऐवजी रस्त्याकडे येतील. आणि पहाटे उजाडल्यावर येणाऱ्या सायकलवाल्याला दिवे हवेत कशाला?

आता पहिल्या मताबद्दल. सायकलवाल्यांना हटवा म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो की सायकल आपल्याला परकी कधी झाली? स्कूटर आणि आइसबॉक्स येण्याआधी मागे पाटी बांधून, भोंगा वाजवत मासळी आतल्या गावांत कोण नेत होते? आपलेच काका-मामा. पदेर पाव घेऊन सायकलवरच येतो. रस्ता शांत असेल तर आपली पोरे अजूनही सायकलने शाळेत जाऊ शकतात, आणि रस्त्यावर पहिला हक्क त्यांचाच आहे. बाहेरच्या सायकलवाल्याला जे हवे तेच आपल्या पोरांना हवे, म्हणजे हळू चालणारी वाहने आणि डोक्यावर सावली.

शिवाय सायकलवाला हळू जातो, म्हणून त्याला दिसते. कुठे खारफुटी तोडली, कुठे बांधावर भराव टाकला, कुठे नदीत कचरा ओतला, हे काचा बंद करून जाणाऱ्याला कळत नाही. उद्या या काठासाठी भांडायची वेळ आली तर असे चार बाहेरचे साक्षीदार आपल्या उपयोगी पडतील.

पैशाचे म्हणाल तर स्वप्ने नकोत. सायकलवाल्यांमुळे कोणी श्रीमंत होणार नाही. पण सायकल मारून आलेल्या माणसाला भूक लागते. चहा, भाजीपाव, पेज, सोलकढी, दुपार झाली तर हुमण-भात, एवढे त्याला घरगुती मिळाले तरी पुरते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, घरात रोख पैसा कमी असतो. नेमक्या त्याच दिवसांत हिरवळ आणि पाऊस बघायला हे लोक येतात. बायकांच्या स्वयंसाहाय्य गटाने आपल्याच पडवीत चार बाकडी टाकली तरी घरखर्चाला हातभार लागेल. त्यासाठी रस्ता रुंद करावा लागत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे.

सायकलवाल्या मित्रांनो, तुम्ही या. पण पावणी चालू असताना जेटीवर सायकली आडव्या लावू नका. त्या अर्ध्या तासात आमचा रात्रभराच्या कष्टाचा भाव ठरतो. रस्त्याकडेला वाळत घातलेल्या जाळ्यावरून चाक नेऊ नका, एक कांडाळ शिवायला दिवस जातो. मिठागरांच्या बांधांवर चढू नका. फेरीच्या उतारावर शेवाळ असते, तिथे खाली उतरून सायकल हातात धरून चाला. निघण्याआधी भरती-सुकती बघा, फार सुकती असली तर केरीची फेरी थांबू शकते. आणि फोटो काढण्याआधी विचारा. विचारले तर कोणी नाही म्हणणार नाही.

आपल्या लोकांनो, रस्त्यावर जाळी पसरताना एका बाजूला वाट सोडूया. टेम्पो आणि पिकअप गावातून हळू काढूया. तुटलेल्या बाटल्या, गळ आणि नायलॉनचे तुकडे रस्त्यावर टाकू नका. त्यांनी सायकलचे टायर फाटतात आणि आपल्या पोरांचे पायही.

पंचायतीला आणि सरकारला आमच्या मागण्या साध्या आहेत. खड्डे बुजवा, पण रुंदी वाढवू नका. बांधावर जड वाहनांना बंदीचा फलक लावा आणि ती पाळली जाते का ते बघा. जेटीच्या उतारावर चारचाकी लावायला मनाई करा, कारण होडी वर काढताना तीच जागा लागते. फेरीबोट वेळेवर चालवा. पेव्हर आणि रेलिंगवर घालायचे पैसे मानशींच्या दुरुस्तीला द्या. बांध टिकला तरच त्यावरचा रस्ता टिकेल, आणि मग सायकलवालाही येईल.

येत्या बैठकीत ट्रॅकच्या मागणीचा विषय पुन्हा येणार आहे. सही करण्याआधी प्रत्येक होडीमालकाने बांधावरून एक फेरी मारावी आणि आपल्या घरातल्या जाणत्या माणसाला विचारावे की मागच्या वेळी बांध फुटला तेव्हा काय झाले होते. मग हात वर करायचा की नाही ते ठरवा. तुमचे मत वेगळे असेल तर खाली लिहा, बैठकीतही बोला. मनात ठेवू नका.