दूध ‘मांसाहारी’ आहे का हे विचारले, मग कोंबडीच्या खाद्याचे काय?

जुलै २०२५ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात व्यापाराची बोलणी चालू असताना ‘मांसाहारी दूध’ हा शब्द खूप गाजला. अमेरिकेला आपले दुधाचे पदार्थ भारतात विकायचे आहेत. भारताची अट अशी की, ज्या गाईंना जनावरांचे रक्त, आतडी किंवा मांस घातलेले खाद्य दिले जाते त्यांचे दूध नको, आणि तसे पशुवैद्यकीय प्रमाणपत्र मालासोबत हवे. अमेरिकेत १९९७ पासून गाईला गाईचे मांस-हाड खाऊ घालायला बंदी आहे, पण डुकराचे प्रथिन आणि रक्ताची भुकटी तिथे चालते. ही अट आपल्याही घरांत अनेकांना पटली. चांगली गोष्ट आहे. पण मग पुढचा प्रश्नही विचारायला हवा. आपल्या गावाबाहेरच्या पोल्ट्रीत कोंबडीला जे खाद्य मिळते, त्या गोणीत काय असते?

आपल्याकडचा नियम काय सांगतो

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०२० च्या सुरुवातीला या नियमाबद्दल आदेश काढला. दूध आणि मांस देणाऱ्या जनावरांना गोवंशाचे किंवा डुकराचे मांस, हाडांची भुकटी, रक्त, आतडी असलेले खाद्य देऊ नये, असे त्यात स्पष्ट आहे. मात्र त्याच वाक्यात तीन अपवाद आहेत: कोंबड्या, डुकरे आणि मासे.

म्हणजे गाय, म्हैस, शेळी, बोकड यांना हा नियम लागू आहे. बकरी ईदसाठी कोणी तयार खाद्यावर बोकड वाढवत असेल, तर त्या खाद्यात असले काही घालायला कायद्याने मनाई आहे. पण आपल्या घरात आठवड्यातून दोनदा शिजते त्या कोंबडीला ही मनाई नाही. मनाई नाही म्हणजे प्रत्येक गोणीत ते असतेच, असा अर्थ कोणी काढू नये. असले तरी कायदा अडवत नाही, एवढेच त्यातून कळते.

हा फरक का केला, तेही समजून घेऊ. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये गाईंना मेंदूचा एक भयंकर रोग झालेला आढळला. त्याला लोक ‘मॅड काऊ’ म्हणू लागले. मेलेल्या जनावरांची मांस-हाडांची भुकटी गाईंच्या खाद्यात मिसळल्यामुळे तो पसरला होता. १९८८ मध्ये तिथे रवंथ करणाऱ्या जनावरांना असे खाद्य देणे बंद झाले. पुढे १९९६ मध्ये माणसांतल्या एका जीवघेण्या आजाराशी त्याचा संबंध असल्याचे तिथल्या सरकारने जाहीर केले. कोंबडीला हा रोग होत नाही, म्हणून अनेक देशांत तिला सूट आहे. ही सूट रोगाचा विचार करून दिलेली आहे. हलाल-हरामचा हिशेब त्यात नाही, तो आपल्यालाच करायचा आहे.

गोणीत खरोखर काय असते

आधी गैरसमज दूर करू. ब्रॉयलर कोंबडीला हार्मोनची इंजेक्शने देऊन फुगवतात, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतात. ते खरे नाही. निवडक पैदास आणि नेमके मापून दिलेले खाद्य यामुळेच ही कोंबडी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोपर्यंत जाते.

गोणीत निम्म्याहून अधिक मका असतो. त्याखालोखाल सोयाबीनची तेल काढलेली पेंड, जिला व्यापारी डीओसी म्हणतात. मग तांदळाचा कोंडा, थोडे तेल, चुनखडी किंवा शिंपल्यांची भुकटी, मीठ, डीसीपी, जीवनसत्त्वे-खनिजांचे मिश्रण, आणि लायसिन व मिथिओनिन ही अमिनो आम्ले. एवढ्या यादीवर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही.

प्रश्न येतो तो प्रथिनांच्या उरलेल्या भागाचा. सोया पेंड महागली की कारखानदार पर्याय शोधतो. एक पर्याय मासळीची भुकटी. दुसरा पर्याय मांस-हाडांची भुकटी. कत्तलखान्यातले उरलेसुरले अवयव आणि हाडे शिजवून, चरबी वेगळी करून, वाळवून ती दळतात. तिच्यात साधारण निम्मे प्रथिन असते, शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फरस. ती कोणत्या जनावराची आहे, हे भुकटीकडे पाहून कोणालाच सांगता येत नाही. बऱ्याच गोणींवर प्रथिने किती टक्के ते छापलेले असते, पण ती कशातून आली ते नसते.

यावर फतवा देणे आमचे काम नाही. पण घाण खाणाऱ्या जनावराचा, ‘जल्लाला’चा, मसला आपल्या फिकहमध्ये जुना आहे. अशी कोंबडी काही दिवस, हनफी किताबांत तीन दिवस, बांधून स्वच्छ दाणा घालावा आणि मग जबह करावी, असे सांगितले आहे. घाटावरचे हनफी असोत की कोकणातले शाफई, जनावराने काय खाल्ले हा प्रश्न आपल्या बुजुर्गांनी महत्त्वाचा मानला. आजच्या कारखान्यातल्या खाद्याला तो मसला कसा लावायचा, हे उलेमांनी सांगावे. त्यासाठी त्यांच्यासमोर पक्की माहिती हवी, आणि ती गोणीवर नाही.

औषध आणि बुरशी

हलालच्या जोडीने तय्यिब, म्हणजे स्वच्छ आणि निरोगी, ही अटही आहे. इथे दोन गोष्टी मांस-हाडांच्या भुकटीपेक्षा जास्त काळजीच्या आहेत.

पहिली, अँटिबायोटिक. आजार नसतानाही वजन वाढावे म्हणून ती खाद्यात मिसळली जात होती. २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली परिसरातले ७० नमुने तपासले. त्यातल्या ४० टक्के नमुन्यांत औषधाचे अंश सापडले. जुलै २०१९ मध्ये सरकारने कोलिस्टिनवर पोल्ट्रीत आणि पशुखाद्यात बंदी घातली, कारण माणसांना दुसरे औषध लागू पडत नाही तेव्हा डॉक्टर तेच वापरतात. कोंबडीच्या पोटात औषधाला सरावलेले जंतू उद्या आपल्या मुलाच्या तापात औषधाला दाद देणार नाहीत, एवढा साधा हा हिशेब आहे.

दुसरी, बुरशी. मका किंवा पेंड ओलसर राहिली की तिच्यावर बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. जनावराने ते खाल्ले की दुधात उतरते. एफएसएसएआयने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त होते. भेसळीमुळे असुरक्षित नमुने फक्त १२ निघाले. आपण पाणी घातलेल्या दुधावरून गवळ्याशी भांडतो, पण ढेप कुठे आणि कशी साठवली हे विचारत नाही.

पैशाचे गणित

कोंबडी वाढवण्याच्या खर्चात सर्वात मोठा वाटा खाद्याचाच. २०२१ मध्ये सोया पेंड इतकी महागली की सरकारने जीएम सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. आता मका इथेनॉलकडे वळला आहे आणि इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, डीडीजीएस, स्वस्तात खाद्यात येतो आहे. त्यामुळे सोया पेंडीची मागणी घटते आणि लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याला भाव मिळत नाही. अमेरिकेलाही हाच चोथा आपल्याला विकायचा आहे. गोणीतला माल असा बाजारभावाप्रमाणे बदलत राहतो, म्हणून एकदा विचारून भागत नाही.

आपण काय करू शकतो

करारावर पोल्ट्री चालवणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. पिल्ले, खाद्य, औषध सगळे कंपनी देते, त्याच्या हातात शेड आणि मेहनत. चिकनवाल्या भाईंनाही गोणीतले माहीत नसते. पण ते ज्या कंपनीचा माल घेतात तिला लेखी विचारू शकतात: खाद्यात मांस-हाडांची भुकटी आहे का, असल्यास कोणत्या जनावराची, आणि औषध बंद केल्यावर किती दिवसांनी कोंबडी विकायला काढता? एका दुकानदाराला उत्तर मिळणार नाही. शहरातल्या सगळ्या दुकानदारांनी आणि जमातीने मिळून विचारले तर कंपनीला द्यावे लागेल. हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनीही तपासणी सुरीपाशी न थांबवता खाद्यापर्यंत न्यावी.

घरी कोंबड्या-शेळ्या पाळणाऱ्या बहिणींनी गोणीवर आयएसआय चिन्ह पाहावे. कोंबडीखाद्यासाठी आयएस १३७४ आणि जनावरांच्या खाद्यासाठी आयएस २०५२ हा क्रमांक असतो. तारीख पाहावी, कुबट वास येणारे खाद्य परत करावे, गोणी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी.

सरकारकडे मागणी एकच: प्रथिन कोणत्या जनावराचे किंवा कोणत्या पिकाचे, हे गोणीवर मराठीत छापा. शाकाहारी, मांसाहारी, हिंदू, मुसलमान, सगळ्यांनाच ते कळायला हवे. परदेशी दुधासाठी जे प्रमाणपत्र आपण मागतो, ते आपल्या कोंबडीसाठी मागण्यात वावगे काय आहे?