विस्मृतीतले गुरुजन

शिक्षकदिन आपल्याकडे मोठ्या उत्साहाने साजरा होतो. विद्यार्थी त्या दिवशी प्राध्यापक होतात, फळ्यावर रंगीत खडूने सुविचार लिहिला जातो, प्रतिमापूजन आणि आभारप्रदर्शन होते. तीन जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या. हे सारे व्हावेच. त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु वर्षानुवर्षे त्याच तीनचार प्रतिमा पाहताना आणि तीच भाषणे ऐकताना एक प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. ज्या मुलामुलींना शाळेच्या पायरीवरही कोणी उभे करीत नव्हते, त्यांना या आपल्या नागपुरात पाटीवर अक्षर गिरवायला कोणी शिकविले? हा प्रश्न मी माझ्या वर्गातील मित्रमैत्रिणींना विचारला. बहुतेकांनी बाबासाहेबांचेच नाव घेतले. 'शिका' हा मंत्र त्यांचाच, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण मंत्र ऐकून आलेल्या पोराला बाराखडी शिकवायला कोणीतरी समोर बसावे लागते. त्या समोर बसलेल्या माणसांची नावे आपण हरवून बसलो आहोत.

त्यांतले पहिले नाव किसन फागूजी बनसोडे यांचे. नागपूरजवळच्या मोहपा गावचे हे गृहस्थ. १९०३ साली त्यांनी 'सन्मार्गबोधक निराश्रित समाज' ही संस्था काढली आणि १९०७ साली नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा सुरू केली. सन पुन्हा एकदा पाहावा. बाबासाहेब त्या वर्षी मॅट्रिक झाले! पुढे १९१० साली बनसोड्यांनी स्वतःचा छापखाना घातला आणि 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशी पत्रे एकामागून एक चालविली. ज्या समाजात वाचणारेच मूठभर, त्या समाजासाठी वर्तमानपत्र काढणे हे वरवर पाहता वेड वाटेल. परंतु शाळा आणि छापखाना ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन टोके होती. एकीकडून वाचक तयार करायचा आणि दुसरीकडून त्याला वाचायला द्यायचे.

दुसरे नाव जाईबाई चौधरी यांचे. जन्म १८९२ सालचा, उमरेडचा. दुष्काळाने कुटुंब नागपूरला आणले. १९०१ साली, म्हणजे नऊ वर्षांच्या वयात, बापूजी चौधरी यांच्याशी लग्न झाले. पुढे घर चालविण्यासाठी त्यांनी नागपूर-कामठी अशी हमाली केली, डोक्यावरून ओझी वाहिली. त्या थोडेफार लिहू-वाचू शकतात हे एका मिशनरी बाईंच्या लक्षात आले आणि त्यांनी जाईबाईंना शाळेत शिक्षिका म्हणून नेमले. पगार महिना चार रुपये. तथापि बाई अस्पृश्य आहेत असे कळताच पालकांनी आपली मुले शाळेतून काढायला सुरुवात केली आणि जाईबाईंना नोकरी सोडावी लागली. दुसरी कोणी असती तर कदाचित पुन्हा हमालीकडे वळली असती. जाईबाईंनी १९२२ साली संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. ज्यांना आपल्याकडून शिकायचे नव्हते त्यांची विनवणी करीत न बसता, ज्यांना शिकवायला कोणी तयार नव्हते त्यांच्याकडे त्या गेल्या.

पुढे डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. शिकलेल्या, सुधारक म्हणविणाऱ्या स्त्रियांचा तो मेळावा. तेथे भोजनाच्या वेळी जाईबाईंना पंगतीत न घेता वेगळे बसविण्यात आले. पंधरा वर्षे शाळा चालविलेल्या शिक्षिकेची ही वास्तपुस्त! त्याचा निषेध म्हणून १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी आपली स्वतंत्र सभा घेतली. स्त्रीमुक्तीचा इतिहास आपण परीक्षेसाठी पाठ करतो, त्यात ही पंगत कोठे येत नाही.

जाईबाईंचे चरित्र वाचताना मला सातासमुद्रापलीकडील एका शिक्षिकेची आठवण होते. मेरी मॅक्लिओड बेथून या अमेरिकेतील कृष्णवर्णीय बाई १८७५ साली दक्षिण कॅरोलिनात जन्मल्या. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, घरचा व्यवसाय कापूसवेचणीचा. यांचीही शाळा मिशनचीच. १९०४ साली त्यांनी फ्लॉरिडातील डेटोना येथे मुलींची शाळा काढली तेव्हा हाती दीड डॉलर आणि वर्गात पाच मुली होत्या. रताळ्याचे गोड पदार्थ करून विकायचे आणि त्या पैशांवर शाळा चालवायची, असे ते दिवस. त्या शाळेचे पुढे महाविद्यालय झाले आणि २००७ पासून ते विद्यापीठ आहे. १९७४ साली वॉशिंग्टनमधील एका उद्यानात बेथूनबाईंचा पुतळा उभा राहिला. २०२२ साली अमेरिकेच्या संसद-भवनात फ्लॉरिडा राज्यातर्फे त्यांचा संगमरवरी पुतळा बसविण्यात आला. त्या जागी आधी गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा होता.

अमेरिकेत वर्णभेद संपला असे म्हणण्याइतके आपण भाबडे नाही. पण तेथील कृष्णवर्णीय समाजाने एक गोष्ट निष्ठेने केली. त्याने आपल्या शिक्षकांची आठवण आपल्या संस्थांत जपून ठेवली. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली टस्कीगी येथे उभारलेली संस्था आजही चालू आहे. बेंजामिन मेज हे मोरहाऊस कॉलेजचे १९४० ते १९६७ अशी सत्तावीस वर्षे अध्यक्ष होते. मार्टिन ल्यूथर किंग हे त्यांचे विद्यार्थी. हे मेज १९३६ च्या डिसेंबरअखेर आपल्या नागपूरपासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर, वर्ध्याजवळ गांधीजींना भेटून गेले होते. तेथल्या विद्यार्थ्याला किंग जसे ठाऊक असतात, तसे किंगना घडविणारे प्राचार्यही ठाऊक असतात. नेमकी हीच दुसरी कडी आपल्याकडे तुटलेली आहे.

ही तुलना मी ओढूनताणून आणलेली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान आणि प्राध्यापक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, आणि ड्यू बॉइस यांनी त्याला आपुलकीचे उत्तर पाठविले. दोन्ही समाजांना एकमेकांची ओळख फार पूर्वीची आहे.

बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो. प्राचार्य आंबेडकर मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येतात. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनॅहम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये अशी सहकाऱ्यांची हरकत होती. हेच गृहस्थ १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. घटनेचे काम, मंत्रिपद, खालावत चाललेली प्रकृती, आणि त्यातच या महाविद्यालयांच्या इमारतींची चिंता. राजकारणातून सवड काढून केलेले हे काम नव्हते. ते त्यांच्या राजकारणाचा पायाच होते.

या मिलिंद महाविद्यालयाचे एक प्राचार्य म्हणजे डॉ. म. ना. वानखेडे. इंग्रजीचे प्राध्यापक, फ्लॉरिडा विद्यापीठातून पीएच. डी. घेऊन आलेले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखक आपल्या वेदनेचे साहित्य कसे करतात हे त्यांनी जवळून पाहिले आणि परत येऊन आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले, की तुमचे जगणेही लिहिण्याजोगे आहे. १९६७ साली मिलिंदच्या परिसरातून 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले, तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. ते जन्मभर चालविणारे डॉ. गंगाधर पानतावणे हे मूळचे नागपूरचे. आपण अभ्यासक्रमात 'दलित साहित्य' हा प्रश्न दहा गुणांसाठी सोडवितो, तेव्हा त्यामागे एका प्राचार्याची खोली आणि एका प्राध्यापकाची संपादकीय चिकाटी उभी आहे, याची जाणीव आपल्याला असते काय? वानखेडे १९७८ साली गेले, पानतावणे २०१८ साली. त्यांचे विद्यार्थी आज हयात आहेत. म्हणजे ही स्मृती अजून राखेत गेलेली नाही.

मिलिंदमध्येच शिकलेले, अमरावती जिल्ह्यातील डॉ. सुखदेव थोरात २००६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्याआधी २००० साली डॉ. भालचंद्र मुणगेकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते, आणि २००६ सालीच डॉ. नरेंद्र जाधव पुणे विद्यापीठाचे. बनसोड्यांच्या १९०७ च्या शाळेपासून येथवर एक शतक लागले. चार रुपये पगाराच्या शिक्षिकेला मुले नाकारणाऱ्या समाजाने तिच्यासारख्यांच्या नातवंडांच्या हाती विद्यापीठे दिली, असे कोणी म्हणेल. मला वाटते, समाजाने दिली असे म्हणण्यापेक्षा त्या शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून ती मिळविली, असे म्हणणे अधिक खरे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आमच्या वर्गातही आला. शिक्षकाला जात नसते. मग स्मरण करताना ती कशाला काढायची? आक्षेप घेणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्याने जाईबाईंच्या पहिल्या वर्गात डोकावून पाहावे. तेथे जात जाईबाईंनी काढली नव्हती. त्या मुळाक्षरे शिकवीत होत्या. जात पालकांनी काढली. आज तिचा उल्लेख गाळला, तर त्यांनी नोकरी का सोडली आणि नवी शाळा का काढली, हे कोणालाच कळणार नाही. मागे उरेल ती केवळ एका परोपकारी बाईची गोष्ट. अन्यायाचे नाव पुसून केलेला गौरव हा त्या व्यक्तीवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होय.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. मी उत्तर नागपुरातून रोज धरमपेठेत शिकायला येते. इंदोऱ्यात जाईबाईंचे नाव घेतले तर घरातील एखादी म्हातारी तरी मान डोलावते. लक्ष्मीभुवन चौक ओलांडून इकडे आले, की त्याच नावाला कोऱ्या चेहऱ्याखेरीज उत्तर मिळत नाही. दीक्षाभूमी धरमपेठेपासून काही दूर नाही. विजयादशमीला तेथे लक्षावधी माणसे येतात आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लावतात. आपल्याकडे मात्र त्या दिवसाची चर्चा बहुधा वाहतूक कोणत्या रस्त्याने वळविली एवढ्यापुरतीच होते. 'त्यांचे' शिक्षक आणि 'आपले' शिक्षक अशी ही वाटणी कोणी कागदावर केलेली नाही, म्हणूनच ती मोडणे कठीण झाले आहे. वास्तविक ज्याने शहरातील अर्ध्या लोकांना लिहायला-वाचायला शिकविले तो त्या सबंध शहराचा शिक्षक असतो. नागपूरचा शैक्षणिक इतिहास १९२३ साली विद्यापीठ स्थापन झाले येथून सुरू करणाऱ्यांनी त्याच्या आधी एक वर्ष मागे जाऊन जाईबाईंच्या पाठशाळेचीही नोंद करावी.

केवळ उपदेश करून लेख संपवावा असे मला वाटत नाही. म्हणून दोन लहानशा सूचना करते. त्यांना पैसा लागत नाही आणि शासनाची परवानगीही लागत नाही. पहिली अशी, की या वार्षिकांकाने दरवर्षी चार पाने अशा एका शिक्षकाच्या चरित्रासाठी राखून ठेवावीत. लेख विद्यार्थ्यांनीच लिहावा. ग्रंथावरून उतरवून नव्हे, तर त्या शिक्षकाच्या हातून शिकलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांचे बोलणे टिपून घेऊन. जुनी हजेरीपत्रके, वसतिगृहांची पत्रके, निरोपसमारंभाचे फोटो लोकांच्या ट्रंकांत पडून आहेत. घर बदलताना ती रद्दीत जातात, आणि रद्दीवाला इतिहास वजनावर घेतो.

दुसरी सूचना राष्ट्रीय सेवा योजनेच्या मित्रांसाठी. शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एखाद्या वर्षी इंदोरा, कामठी, उमरेड, मोहपा येथे जाऊन सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांना एकच प्रश्न विचारावा : तुम्हाला पहिले अक्षर कोणी शिकविले? उत्तरे एका वहीत लिहून घ्यावीत आणि ती वही ग्रंथालयात ठेवावी. त्यात बरीच नावे अशी येतील, ज्यांच्यावर एक ओळही कोठे छापलेली नाही. ही माणसे वयाने थकलेली आहेत. आपल्याला हे काम करायचेच असेल, तर ते येत्या सत्रातच सुरू करायला हवे.