नंबर वाचा, मग दिवा लावा

वाचकहो, आजचे यंत्र खेळाचे आहे. पिनबॉल त्याचे नाव. आपल्यापैकी बहुतेकांनी ते इंग्रजी सिनेमातच पाहिले असेल. अमेरिकेत नोकरीला गेलेल्या एखाद्या भाच्याने किंवा पुतणीने त्यात नाणे टाकून खेळूनही पाहिले असेल. कमरेएवढ्या उंचीची, काचेने झाकलेली तिरपी पेटी, आत पोलादी गोळी आणि दोन्ही बाजूंना बटणे. बटण दाबले की फ्लिपर नावाचा छोटा दांडा घरंगळत येणारी गोळी फटकावून वर पाठवतो. मागच्या बाजूला दुसरी पेटी उभी असते. तिच्यावर रंगवलेली काच असते आणि त्या काचेमागे दिव्यांच्या रांगा असतात.

या यंत्राचे माहेर म्हणजे अमेरिकेतील शिकागो शहर. १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलिब यांनी ‘बॅफल बॉल’ बाजारात आणले. तेव्हा त्यात वीज नव्हती. १९३३ मध्ये हॅरी विल्यम्स यांच्या ‘कॉन्टॅक्ट’ने वीज आणली आणि १९४७ मध्ये गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ने फ्लिपर आणले. हा जुगार आहे असे म्हणून न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली, ती थेट १९७६ मध्ये उठली. १९९२ च्या ‘द अॅडम्स फॅमिली’ या यंत्राचे वीस हजारांहून अधिक नग विकले गेले. पण त्यानंतर व्हिडिओ गेमपुढे धंदा ओसरला आणि १९९९ मध्ये विल्यम्स कंपनीने पिनबॉल बनवणे बंद केले. नवी यंत्रे आजही बनतात, परंतु जुनी हजारो यंत्रे आता लोकांच्या घरांत, गॅरेजमध्ये आणि संग्रहालयांत आहेत. दुकानात काही वर्षे चालून मालकाला पैसे मिळवून द्यावेत, एवढ्याच हिशेबाने ती बनवली होती. पन्नास वर्षे टिकवण्याची जबाबदारी आता ती सांभाळणाऱ्यांवर आली आहे. अशा प्रत्येकापुढे एक प्रश्न कधी ना कधी येतो. दिवा गेला, आता कोणता लावायचा?

प्रश्न किरकोळ वाटतो. दिवा गेला, दुसरा आणला, लावला, संपले! पण तसे नाही. या यंत्रात सगळ्यात नाजूक वस्तू असते ती मागची रंगीत काच. जुन्या यंत्रांत चित्र काचेच्या मागच्या अंगाला थेट छापलेले असे. ते दिव्यांच्या समोरच येते. दिवे तापले की काच तापते, विझले की निवते. काच आणि रंग सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. असे वर्षानुवर्षे चालले की रंगाचे पोपडे सुटतात आणि एके दिवशी चित्रातल्या माणसाचा चेहराच गळून पडतो. गॉटलिबसाठी वर्षानुवर्षे चित्रे काढणाऱ्या रॉय पार्कर यांच्यासारख्या काही कलावंतांची नावे आज ठाऊक आहेत, पण कित्येक काचांवर काढणाऱ्याची सहीदेखील नसते. ज्याचे नाव राहिले नाही, त्याची खूण म्हणून ती काचच काय ती उरलेली असते. ती गेली की त्याचे सारेच गेले. म्हणून चुकीचा दिवा म्हणजे नुसती दोन-चार पैशांची चूक नव्हे.

आता दिव्यांची ओळख करून घेऊ. पिनबॉलचा साधा दिवा बोटाच्या पेराएवढा असतो. त्याच्या पितळी बुडावर नंबर असतो आणि तो नंबर हीच त्याची जात. ४४ आणि ४७ हे दोन नंबर सर्वांत अधिक आढळतात. दोघांचे बूड सारखे, म्हणजे आपल्या घरच्या बल्बप्रमाणे दोन पिनांचे, दाबून फिरवायचे, फक्त आकाराने लहान. दोघांनाही ६.३ व्होल्ट वीज लागते. ज्यांच्या घरी पूर्वी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांनी या जातीचा दिवा पाहिलेला आहे. रेडिओच्या पट्टीमागे जो पिवळसर दिवा लागे, तो याच कुळातला. व्हॉल्व्ह तापवायला ६.३ व्होल्ट लागत, म्हणून पट्टीचा दिवाही ६.३ व्होल्टचा केला गेला. हा दिवा बाजारात मुबलक होता. तोच पिनबॉलवाल्यांनी उचलला.

मग दोघांत फरक काय? फरक प्रवाहाचा. ४४ नंबरचा दिवा २५० मिलिअँपिअर खातो, तर ४७ नंबरचा १५०. म्हणजे पहिल्यात सुमारे १.६ वॅट जळतात, दुसऱ्यात एक वॅटपेक्षाही कमी. एका यंत्रात असे ५० दिवे धरा. ४४ लावले तर साडेबारा अँपिअर प्रवाह जाईल, ४७ लावले तर साडेसात. उष्णता चाळीस टक्क्यांनी घटली! काच वाचली, प्लास्टिक वाचले आणि तारांचे सांधेही वाचले. १९९० च्या दशकातील यंत्रांत याच दिव्यांच्या प्रवाहामुळे जोडाचे प्लास्टिक काळे पडून जळालेले अनेकदा आढळते. उजेड मात्र ४७ चा कमी असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. रात्री घरात खेळणाऱ्याला तो पुरतो.

१९८० नंतरच्या यंत्रांत ५५५ नंबरचा दिवा येऊ लागला. त्याला पितळी बूड नसते. काचेचेच चपटे बूड सरळ खाचेत सरकवायचे. तोही ६.३ व्होल्ट आणि २५० मिलिअँपिअरचा. याशिवाय गोळी एखाद्या ठिकाणी आदळली की लख्खकन चमकणारे मोठे दिवे असतात. पिनांचा ८९ आणि चपट्या बुडाचा ९०६, दोन्ही सुमारे १३ व्होल्टचे. ४५५ नंबरचा दिवा आपला आपणच उघडझाप करतो. त्याच्या आत दोन धातूंची पट्टी असते. ती तापली की वाकते, जोड तुटतो, निवली की जोड पुन्हा लागतो. ४५५ च्या जागी ४४ लावला तर दिवा लागेल, पण लुकलुकणार नाही. तेव्हा बूड बसले म्हणजे दिवा जमला, असे मानू नये.

येथवर झाली दिव्याची जात. पण दिव्याला वीज कशी पोहोचते, हे पाहिल्याशिवाय निवड पुरी होत नाही. आणि आजच्या घडीला हाच भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण बाजारात आता एलईडी आले आहेत. ते याच बुडांत बसतात, जुन्या दिव्याच्या मानाने फार थोडा प्रवाह घेतात आणि तापतही नाहीत म्हटले तरी चालेल. काचेच्या दृष्टीने याहून चांगले काय? मग सरसकट एलईडीच का लावू नयेत?

उत्तर असे की, यंत्र बनवणाऱ्याने तारेचा दिवा डोळ्यांपुढे ठेवून सारी रचना केली होती. १९९० च्या सुमारास विल्यम्सच्या यंत्रांत खेळाच्या फळीखालचे ६४ दिवे आठ रांगा आणि आठ स्तंभांत जोडलेले असत. एका वेळी एकाच स्तंभाला वीज मिळे, तीही दोन सहस्रांश सेकंद. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. म्हणजे प्रत्येक दिव्याला फक्त एक-अष्टमांश वेळ वीज. तेवढ्यात तो पुरेसा तापावा म्हणून ६.३ ऐवजी १८ व्होल्ट देत. हिशेब करून पाहा. अठराला आठाच्या वर्गमुळाने भागले की ६.३ च्या जवळचा आकडा येतो. तार इतक्या लवकर निवत नाही, म्हणून आपल्याला दिवा सलग जळताना दिसतो. एलईडीला असा धीर नाही. वीज आली की लागला, गेली की विझला. त्यामुळे साधा एलईडी अशा यंत्रात फडफडतो. शिवाय तारेच्या दिव्याला जाणवतही नाही इतका चोरटा प्रवाह मिळाला तरी तो मंद पेटतो. मग बंद असायला हवा तो दिवा भुतासारखा लुकलुकत राहतो आणि खेळणाऱ्याला कोणत्या खुणेवर नेम धरायचा तेच कळत नाही.

१९७७ ते १९८५ च्या दरम्यानच्या बॅली कंपनीच्या यंत्रांत अडचण वेगळी. तिथे दिवा चालू-बंद करायला एससीआर नावाचा पुर्जा आहे. तो उघडा राहायला ठरावीक किमान प्रवाह लागतो. एलईडी तेवढा घेतच नाही, म्हणून पुर्जा सारखा बंद पडतो आणि दिवा थरथरतो. त्यावर उपाय आहे. दिव्याला समांतर एक रेझिस्टर जोडला की प्रवाह वाढतो. काही एलईडींत असा पुर्जा आतच बसवलेला असतो, तेव्हा विकत घेताना ते विचारून घ्यावे. चमकणाऱ्या मोठ्या दिव्यांच्या बाबतीत काही यंत्रांत नेमके उलटे करावे लागते. तार कोमट राहावी म्हणून तिथे आधीच रेझिस्टर जोडलेला असतो. एलईडी लावला की त्याच रेझिस्टरमुळे तो मंद जळत राहतो, म्हणून तो काढावा लागतो.

रंगाचाही विचार हवा. ती चित्रे पिवळसर उजेडात पाहण्यासाठी रंगवलेली आहेत. त्यांच्यामागे निळसर पांढरा एलईडी लावला की लाल-नारिंगी रंग मरतात आणि कातडीचा रंग आजारी दिसतो. काचेमागे उबदार पांढराच घ्यावा. फळीवरील रंगीत खुणांखाली मात्र खुणेच्याच रंगाचा एलईडी चांगला शोभतो. निळ्या खुणेखाली तर तो जुन्या दिव्यापेक्षा सरस ठरतो, कारण तारेच्या उजेडात निळा रंग मुळातच थोडा असतो. जास्त उजेड म्हणजे जास्त चांगले, हा समज सोडून द्यावा. गोळीवर चकाकी आली की खेळणाऱ्याचे डोळेच दिपतात.

आणखी एक शंका येईल. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२३ पासून घरगुती तारेच्या बल्बची विक्री नियमाने थांबली, मग हे दिवेही गेले का? नाही. तो नियम ३१० लुमेन आणि त्याहून अधिक उजेडाच्या सर्वसाधारण दिव्यांसाठी आहे. ४४ नंबरचा उजेड दहा-बारा लुमेनच्या आसपास. तेव्हा जुन्याच जातीचा दिवा लावायचा असेल तर नियमाची आडकाठी नाही.

आता हातचे काम. प्रथम प्लग काढावा, पोलादी गोळी बाहेर घ्यावी, मगच फळी उचलावी. जुन्या दिव्याचा नंबर वाचावा. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण आधीच्या कोणी चुकीचाच लावलेला असू शकतो. यंत्राच्या पुस्तिकेतील दिव्यांच्या तक्त्याशी तो ताडून पाहावा. काढलेला दिवा दुसऱ्या चालू जागेत लावून पाहावा. तिथे तो लागला तर दोष दिव्याचा नाही, होल्डरचा आहे. पन्नास वर्षांचा होल्डर गंजलेला किंवा सैल असतोच. तो घासून स्वच्छ करावा, नाहीतर बदलावा. एखाद्या स्तंभातले दिवे डोळे दिपवतील असे जळत असतील आणि पुन्हा पुन्हा जात असतील, तर नवे दिवे घालत बसू नये. त्या स्तंभाचा ट्रान्झिस्टर बिघडून अठरा व्होल्ट सलग येत असण्याचा संभव असतो. आधी तो दुरुस्त करावा. फ्यूज वारंवार जात असेल तर कारण शोधावे. मोठा फ्यूज घालणे म्हणजे आगीला आवतण. आणि शंभर एलईडी एकदम मागवू नयेत. चार-पाच आणावेत, एका ओळीत लावावेत, रात्री अंधार करून खेळून पाहावे आणि पटले तरच बाकीचे घ्यावेत.

तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी आयटीआयमध्ये वायरमनचे काम शिकत असेल, कोणी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करत असेल. पिनबॉल कदाचित जन्मात तुमच्या हाती येणार नाही. पण जळालेला पुर्जा बदलण्याआधी तो का जळाला, त्याला वीज कशी मिळते आणि नवा पुर्जा त्या विजेला मानवेल का, हे तीन प्रश्न कोणत्याही यंत्रासमोर उभे राहून विचारता येतात. दुकानदार सांगेल, हा घ्या, जास्त चमकतो. तुम्ही त्याच्याकडे नंबर मागा, व्होल्ट विचारा, अँपिअर विचारा. पुढच्या अंकी दुसरे यंत्र उघडू.