विश्लेषण : रखडलेला आयटी प्रकल्प माणसे वाढवून मार्गी लागतो का?

प्राप्तिकर विभागाचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी करदात्यांच्या तक्रारींबाबत इन्फोसिसला जाहीरपणे सुनावले. ऑगस्टमध्ये कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना मंत्रालयात पाचारण करण्यात आले. पुढे विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. दरम्यान, या कामावर ७५० हून अधिक जण असल्याचे सांगण्यात आले.

मनुष्यबळ वाढवून का भागत नाही?

आयबीएमच्या ‘ओएस/३६०’ प्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये नियम मांडला : उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली, तर उशीर आणखी वाढतो. नव्यांना काम समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय पाच जणांत संवादाच्या १० जोड्या असतात, दहा जणांत ४५. माणसे दुप्पट, पण समन्वयाचा भार चौपटीहून अधिक.

मग उपाय काय?

चाचणीचा वेळ आधीच राखून ठेवणे, घाई झाली तरी त्याला कात्री न लावणे. नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू करणे आणि ती रुळेपर्यंत जुनी चालू ठेवणे. प्राप्तिकराच्या बाबतीत जुने संकेतस्थळ १ ते ६ जून बंद ठेवून सर्वांना एकदमच नव्यावर आणले गेले. अडलेल्या करदात्याला पर्याय उरला नाही.

सरकारी प्रकल्पांत उद्घाटनाची तारीख चाचणीच्या निकालावरून ठरायला हवी. तसे झाले नाही, तर चाचणीचा भुर्दंड नागरिकांनाच सोसावा लागतो.