फोनला जागा ठाऊक, ११२ला कधी कळणार?

घाटात अपघात होतो, कोणीतरी ११२ लावतो आणि पलीकडून प्रश्न येतो, ‘नेमके कुठे आहात?’ जेवण आणणाऱ्या मुलाला आपले फाटक बरोबर सापडते, मग रुग्णवाहिकेला का नाही, हा सवाल रास्तच आहे. जेवणाच्या ॲपला फोन आपली जागा इंटरनेटवरून कळवत असतो. साधा कॉल आवाज नेतो, जागा नेत नाही.

अशा कॉलमागे मोबाइल कंपनीकडे असते ती मुख्यतः टॉवरची नोंद. शहरात टॉवर दाट असल्याने शोध काहीशे मीटरांवर येतो. खेड्यात तो काही किलोमीटरांचा होतो. डोंगरात आणखी पंचाईत. वरंध घाट पुणे आणि रायगडच्या हद्दीवर आहे. तिथे फोनने भोरकडचा टॉवर पकडला की महाडकडचा, यावर मदत कुठे शोधत फिरेल हे ठरू शकते. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब मिळाला नाही, तर त्याची जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते.

अचूक जागा फोन स्वतःच काढतो. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह वेळेचे संकेत पाठवतात. संकेत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून जागा निघते. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरांची चूक! उपग्रहांच्या कक्षांची माहिती त्यांच्याकडूनच घ्यायची तर अर्धा मिनिट तरी जातो, म्हणून ती मोबाइल नेटवर्कवरून आधीच मिळवली जाते. घरात आकाश दिसत नाही, तेव्हा आसपासचे वायफाय राउटर उपयोगी पडतात. त्यांना जोडलेले असण्याचीही गरज नसते. कितवा मजला, हे मात्र सांगावेच लागते.

ही माहिती केंद्रापर्यंत नेण्याची युक्ती २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये निघाली. आणीबाणीचा क्रमांक लावताच फोन लोकेशन आपोआप चालू करतो आणि जागा एसएमएसने पाठवतो. अँड्रॉइडमध्ये ती २०१६ पासून आहे, आयफोनमध्ये २०१८ पासून. भारतात अँड्रॉइडची ही सोय ११२शी पूर्णपणे जोडणारे पहिले राज्य ठरले उत्तर प्रदेश, तेही डिसेंबर २०२५ मध्ये. फोन तयार होते. रखडली ती केंद्रांची जोडणी, आणि ती राज्याराज्यांनी करायची असते. महाराष्ट्रात तर रुग्णवाहिकेसाठी १०८ लावण्याची सवय २०१४ पासूनची. त्यामुळे आपल्याकडे केवळ ११२ जोडून भागणार नाही, १०८चाही विचार व्हायला हवा. साध्या बटणांच्या फोनवाल्यांना या सोयीचा उपयोग नाही, हेही धोरण आखताना विसरता येणार नाही.

पाळत ठेवली जाईल, ही भीती अनाठायी नाही. पण इथे जागा जाते ती आणीबाणीचा कॉल केल्यावरच. प्रत्येक फोनचे लोकेशन कायम चालू ठेवण्याचा मोबाइल कंपन्यांच्या संघटनेचा प्रस्ताव त्याच डिसेंबरात चर्चेत आला, त्याची जात वेगळी. त्याला विरोध करताना ११२च्या सोयीलाही त्याच माळेत ओवू नये. तोवर घाटातून फोन करणाऱ्याने रस्त्याचे नाव, जवळचा किलोमीटरचा दगड आणि गाडी कोणत्या गावाकडे निघाली होती, एवढे आधी सांगावे.