लसीकरणाच्या रांगेतली आई

गरोदर बाईच्या फाइलमध्ये वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, सोनोग्राफी सगळे असते. ‘खोकताना, शिंकताना लघवी जाते का?’ हा प्रश्न बहुतेक फायलींत नसतो. बाई आपणहून सांगत नाही, कारण ‘बाळंतपणात एवढं चालायचंच’ हे ती घरून ऐकून आलेली असते. पुढे कामावर रुजू झाली की अंधेरीची गाडी पकडण्याआधी ती पाणी पिणे टाळते, पॅड लावते आणि निघते. आपल्या ओपीडीत ती येते कित्येक वर्षांनी, ‘अंग बाहेर येतंय’ म्हणून.

त्या टप्प्यावरच्या उपचारांत मुंबईचा हात धरणारे थोडेच. गर्भाशय न काढता ते वर उचलून धरणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांची नावे आपण सगळेच पाठ्यपुस्तकात शिकलो. त्याच मुंबईत, बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हाताने तपासून पाहण्याची पद्धत अजून रुळलेली नाही, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

डिस्चार्जच्या कागदावर ‘केगेल एक्सरसाइज करा’ अशी एक ओळ असते. १९४८ साली आर्नोल्ड केगेल यांनी हा व्यायाम मांडला तेव्हा सोबत पेरिनिओमीटर हे दाबमापक होते. आपले आकुंचन किती झाले हे बाईला काट्यावर दिसायचे. आपण व्यायामाचे नाव ठेवले आणि मोजमाप सोडून दिले. नुसते तोंडी सांगून काय होते, हे बंप आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले आहे: जेमतेम निम्म्या स्त्रियांना आकुंचन नीट जमले, आणि चौथा हिस्सा स्त्रिया गळती उलट वाढेल अशा रीतीने जोर लावत होत्या.

तपासणीच्या खाटेवर हे रोज दिसते. ‘आवळा’ म्हटले की बाई श्वास रोखते, नितंब आवळते, पोट ताणते, आणि बोटाला जाणवतो तो खाली येणारा दाब. तिला सांगावे लागते, ‘लघवी आणि गॅस एकदम अडवायचाय असं समजून आत आणि वर ओढा. मांड्या सैल. श्वास चालू ठेवा, माझ्याशी बोलत राहा.’ दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात बोटाभोवती हलकी पकड येते आणि बाईच्या चेहऱ्यावर ‘हे होय!’ असे उमटते. ती पकड सुधारित ऑक्सफर्ड मापनावर शून्य ते पाच यांपैकी किती आणि किती सेकंद टिकते, एवढे कार्डावर लिहिले की पुढची तपासणी करणाऱ्याला धागा मिळतो. संमती आधी घ्यायचीच. रक्तस्राव होत असेल किंवा वार खाली असेल, तर आतून तपासायचे नाही. आणि जिथे स्नायू मुळातच आखडलेले, दुखरे आहेत, तिथे आधी सैल सोडायला शिकवायचे; सरसकट ‘आवळा’ सांगणे तिथे अपाय करते.

फायदा किती, याचे उत्तर आता बरेच स्पष्ट आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, आधी त्रास नसलेल्या स्त्रियांनी गरोदरपणातच हे व्यायाम सुरू केले तर शेवटच्या महिन्यांतला लघवी सुटण्याचा धोका सुमारे ६२ टक्क्यांनी आणि प्रसूतीनंतर तीन ते सहा महिन्यांतला सुमारे २९ टक्क्यांनी कमी होतो. त्रास जडल्यावर सुरू केलेल्या व्यायामाबद्दल पुरावा इतका ठाम नाही. म्हणजे गरोदरपण ही खरी वेळ. ‘सिझर झालंय, आपल्याला काय त्याचं’ हा समजही खोडायला हवा; नऊ महिन्यांचा भार या स्नायूंनी पेललेलाच असतो. पोटपट्ट्याने ते बळकट होत नाहीत, हेही सोबत आलेल्या आईला किंवा सासूबाईंना आदराने सांगावे. घरात सव्वा महिना त्यांचाच शब्द चालतो.

अडचण आहे ती बाळंतीण पुन्हा भेटण्याची. ती माहेरी जाते, सहाव्या आठवड्याची स्वतःची तपासणी हुकते. बाळाची लस मात्र सहसा कोणी चुकवत नाही. सहा, दहा आणि चौदा आठवडे अशा तीन वेळा ती बाळाला घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात किंवा कोपऱ्यावरच्या बालरोगतज्ज्ञांकडे येते. टोचणी बाळाला होते, वजन बाळाचे होते, आईला कोणी काही विचारत नाही. स्नायूंच्या प्रशिक्षणाला निदान तीन महिने लागतात आणि पहिल्या लसीच्या वेळी तपासून सुरुवात केली तर चौदाव्या आठवड्यापर्यंत त्यातले दोन महिने तिथेच, आपल्या नजरेखाली होतात. उरलेला महिना ती घरी पुरा करू शकते, आणि सव्वीस आठवड्यांची रजा मिळणारी बाई लोकलच्या गर्दीत परतण्याआधी तयार असते.

यासाठी पडदा, खाट आणि एक प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट पुरेशी आहे. ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी सुरुवात लसीकरणाच्या सिस्टरपासून करावी. कोणती बाई कधी येते, सोबत कोण असते आणि कोणाला बाजूला घेऊन विचारता येईल, हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.