नाताळचा खेळ, कंपनीचे घड्याळ

१९९९ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील कार्यालयांमध्ये ई-मेलला जोडलेली एक छोटी फाइल या संगणकावरून त्या संगणकावर फिरत होती. ‘एल्फ बोलिंग’ हे त्या खेळाचे नाव. एल्फ म्हणजे सांताक्लॉजच्या कारखान्यात खेळणी बनवणारे खुजे कारागीर. खेळाच्या कथेत त्यांनी ऐन नाताळात संप पुकारलेला असतो आणि संतापलेला सांता त्यांना बोलिंगच्या सोंगट्यांसारखे उभे करून चेंडूने आडवे करत सुटतो. न पडलेले एल्फ त्याला वेडावून दाखवतात. गिरणी संप पाहिलेल्या मुंबईकराला हा विनोद कितपत रुचला असता, हा प्रश्न वेगळा. पण अमेरिकेतील कारकून आणि अधिकारी त्यावर खूश होते. लवकरच अफवा उठली, की या खेळात व्हायरस असून नाताळच्या दिवशी तो संगणकातील सारे काही पुसून टाकेल. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘मेलिसा’ व्हायरसने धुमाकूळ घातला असल्याने लोक धास्तावले. अफवा खोटी निघाली आणि खेळ चालूच राहिला.

या खेळात होते तरी काय? पडद्यावर एक बाण डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे सरकत राहतो. तो नेमक्या जागी आला, की बटण दाबायचे. शिकण्यासारखे एवढेच. दहापैकी नऊ एल्फ पडतात, एक उरतो आणि तो उरलेला एक आपल्याला स्वस्थ बसू देत नाही. थोडक्यात हुकलेला डाव माणसाला पराभवासारखा वाटत नाही. लांबणीवर पडलेल्या विजयासारखा वाटतो. जुगाराच्या यंत्रांची सारी कमाई याच भावनेवर उभी आहे. बक्षीस नेमके केव्हा मिळेल हे ठाऊक नसले, की प्राणी कळ दाबतच राहतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच उंदीर आणि कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. ‘एल्फ बोलिंग’ने तेच तत्त्व हसत खेळत वापरले. मात्र, दहा फेऱ्या झाल्या की खेळ संपत असे. पुन्हा खेळायचे की फायलींकडे वळायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

हा वेग आणि हा आटोपशीरपणा आर्केड यंत्रांकडून आलेला आहे. १९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीने आणलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून आर्केडचे अर्थशास्त्र सोपे होते. खेळ लवकर संपला पाहिजे, म्हणजे पुढचे नाणे पडेल. आपल्याकडील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभी राहिलेली मुलेही हे गणित पुरते ओळखून होती. खिशातले शेवटचे नाणे संपले, की घरची वाट धरावी लागे. मोह कितीही तीव्र असला, तरी त्याला नाण्यांच्या संख्येची सीमा होती.

नाताळच्या खेळांचे आणखी एक उदाहरण येथे आवर्जून नोंदवायला हवे. १९९६ च्या डिसेंबरात सेगा कंपनीने आपल्या ‘सॅटर्न’ या खेळयंत्रासाठी ‘ख्रिसमस नाइट्स’ नावाची छोटी आवृत्ती काढली. यंत्रातील घड्याळात डिसेंबर लागला, की खेळातील साऱ्या देखाव्यावर नाताळचा साज चढे. अन्य महिन्यांत तो उतरे. कोणाला जूनमध्ये नाताळ अनुभवायचा असेल, तर त्याने घड्याळाची तारीख बदलावी आणि खुशाल अनुभवावा. सण ओसरला म्हणून हातचे काही जात नसे. पुढच्या डिसेंबरात तो खेळ पुन्हा तसाच सजून येई. ते घड्याळ खेळणाऱ्याच्या घरात होते, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

आज ते घड्याळ कंपनीच्या सर्व्हरवर गेले आहे. सणांच्या खेळांबाबत जो काही बदल झाला, त्याचे मूळ येथे आहे. डेन्मार्कमध्ये तयार झालेला आणि २०१२ मध्ये आलेला ‘सबवे सर्फर्स’ हा खेळ पाहा. २०१८ मध्ये गुगल प्लेवर त्याने एक अब्ज डाउनलोडचा टप्पा गाठला. रेल्वेच्या रुळांवरून धावणारा मुलगा, मागे शिटी फुंकणारा पहारेकरी आणि दर काही आठवड्यांनी बदलणारे शहर. मुंबईही त्यात येऊन गेली. सण आला, की सणाचे कपडे घातलेली पात्रे आणि वेचायच्या खास वस्तू येतात आणि त्यांच्याबरोबर येते मुदत. अमुक दिवसांत इतक्या वस्तू गोळा केल्या नाहीत, तर ते पात्र हातचे जाणार. ‘एल्फ बोलिंग’च्या दहा फेऱ्यांसारखा शेवट या धावण्याला नाही. संपतो तो फक्त आपला डाव. खेळ संपत नाही, पण सणाची मुदत मात्र संपत आलेली असते, अशा कात्रीत खेळणारा सापडतो. त्यात मजा आहे, हे नाकारणे खोटेपणाचे ठरेल. अंगठ्याच्या एका झटक्यात गाडी चुकवण्याचा थरार अस्सल आहे. परंतु खेळ बंद करण्याच्या क्षणी जी अस्वस्थता वाटते, ती त्या थरारातून येत नाही. ती मुदतीतून येते.

या अस्वस्थतेला सरसकट ‘व्यसन’ म्हणण्याची घाई मात्र नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात जानेवारी २०२२ पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ अंतर्भूत आहे. पण त्यासाठी स्वतःवरचा ताबा सुटणे, शिक्षण, काम वा नातेसंबंधांची गंभीर हानी होणे आणि हे सर्वसाधारणपणे बारा महिने दिसणे, अशा कसोट्या आहेत. सुटीत चार दिवस मोबाइलला चिकटलेला मुलगा त्यांत बसत नाही. प्रश्न रोगाचा नसून रचनेचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘फोर्टनाइट’ची निर्माती एपिक गेम्स हिच्याशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातील २४.५ कोटी डॉलर खेळणाऱ्यांना नकळत खरेदी करायला लावणाऱ्या बटणरचनेबद्दल होते. पडद्याची रचना हा कायद्याचा विषय होऊ शकतो, हे या प्रकरणातून दिसले.

चीनने ऑगस्ट २०२१ मध्ये दुसरे टोक गाठले. अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्या या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळता येईल, असा नियम केला. म्हणजे कंपनीचे घड्याळ काढून सरकारने आपले बसवले. खेळणाऱ्याच्या हाती ते आलेच नाही. ज्या समाजात घरचे वेळापत्रक आई-वडील आणि मुले यांच्या रोजच्या घासाघिशीतून ठरते, तेथे हा मार्ग परवडणारा नाही.

भारतात संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर त्याने बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळ यांना मान्यता दिली. पैशाच्या खेळांनी उद्ध्वस्त झालेली कुटुंबे पाहता ही रेषा ओढणे समजण्यासारखे आहे. पण दिवाळी किंवा नाताळच्या मुदतीत पात्राचा पोशाख विकत घेणारा मुलगा पैसे जिंकण्याची अपेक्षा करत नाही. त्यामुळे तो व्यवहार या व्याख्येत सहजी बसत नाही. त्याने घालवलेल्या वेळेचा तर उल्लेखच नाही. कायद्याला नाणे दिसते, मुदत दिसत नाही.

अधिक उपयोगी पडेल ती एक साधी अट. सणाची वस्तू पुढच्या वर्षी त्याच सणाला पुन्हा मिळालीच पाहिजे आणि अल्पवयीन मुलाच्या पडद्यावर उलटी मोजणी दिसता कामा नये. खेळाचा वेग, रंग, विनोद यांना यामुळे कोठेही धक्का लागत नाही. कंपन्या म्हणतील, दुर्मीळपणा हाच तर विक्रीचा आधार आहे. ते खरेच आहे, आणि म्हणूनच अट हवी.

तूर्त हाताशी आहे तो २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढणे आणि त्यावर बेतलेल्या जाहिराती दाखवणे यांवर त्यात निर्बंध आहेत. पालकांची पडताळता येण्याजोगी संमतीही आवश्यक आहे. कोणता मुलगा मुदतीच्या शेवटच्या रात्री जागा राहतो, हे कंपनीला कळू नये यासाठी हे कलम कामी येऊ शकते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरील मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची सवलत देण्यात आली. त्या सवलतीच्या काळात २०२६ ची दिवाळी येते, नाताळ येतो आणि वार्षिक परीक्षाही येतात.